पंडिता रमाबाईंस सुख कोठे सापडले

कृपा हा शब्द आपल्या मंडळ्यांत जितक्या वेळा उच्चारिला जातो तितक्या वेळा दुसरा क्वचितच कोणता उच्चारिला जात असेल. उपासनेच्या आरंभी कृपा, शेवटच्या आशीर्वादात कृपा, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर कृपा. परंतु दिग्रसच्या आसपास कापूस वेचून सायंकाळी घरी आलेल्या एखाद्या बंधूस विचारावे की बाबा, कृपा म्हणजे काय, तर तो बहुधा असे म्हणेल की यंदा पाऊस वेळेवर आला, लेकराचा ताप उतरला, सोसायटीचे कर्ज फिटले, हीच कृपा. आणि अमरावतीस किंवा नागपुरास शिकावयास गेलेला त्याचाच मुलगा म्हणेल की पाऊस वाऱ्यांच्या नियमाने पडतो, ताप औषधाने उतरतो, कर्ज कमाईने फिटते. मग कृपेस काम काय उरले? सुख पाहिजे असेल तर माणसाने ते आपल्या बुद्धीने व हातांनी मिळवावे. या ऐहिक विचाराच्या युगात असे बोलणारे तरुण वाढत आहेत, आणि त्यांस नुसते रागे भरून भागत नाही.

बापाचे उत्तर व लेकाचे उत्तर ही दोन्ही जिने आपल्या आयुष्यात पुरी अजमावून पाहिली अशी एक स्त्री आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. तिचे नाव पंडिता रमाबाई. केडगावची मुक्ती आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु बाईंचे चरित्र सांगताना आपले प्रचारक बंधू एक घाई करितात. बाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या सुखी झाल्या, असे एका दमात सांगून ते मोकळे होतात. सनावळी पाहू गेल्यास तसे दिसत नाही. बाप्तिस्मा १८८३ साली झाला. ज्यास त्या स्वतः सुख म्हणत ते त्यांस १८९१ साली लाभले. मधल्या आठ वर्षांचा हिशोब कोणी देत नाही, आणि माझ्या मते चरित्राचा गाभा तेथेच आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, म्हणून जातभाईंचा रोष ओढवला. तेव्हा ते रानात घर बांधून विद्यार्थी शिकवू लागले. येणाऱ्या जाणाऱ्या यात्रेकरूंस जेवू घालता घालता कर्ज झाले, आणि रमाबाई तान्ह्या असतानाच त्या कुटुंबाने घर सोडले. पुढे वर्षानुवर्षे ही मंडळी एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्री पायी जात, देवळाच्या आवारात पुराण सांगत, आणि जे मिळेल त्यावर राहत. लक्ष्मीबाईंनी लेकीस पहाटे उठवून शिकविले. भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत होते.

आता हे ध्यानात घ्यावे की ही माणसे ढोंगी नव्हती. उपास, स्नाने, प्रदक्षिणा, ब्राह्मणभोजने, दाने, जे जे शास्त्रात सांगितले ते ते त्यांनी केले. आपल्या श्रमाच्या मोबदल्यात देव ऐश्वर्य व विद्या देईल अशी त्यांची मनापासून समजूत होती. मद्रास इलाख्यात १८७४ च्या सुमारास दुष्काळाने घेरले तेव्हा जवळचे उरले सुरले द्रव्यही त्यांनी याच आशेने देवांस व ब्राह्मणांस वाहून टाकले. शेवटी रानातील पाने व पाणी यांवर दिवस काढण्याची पाळी आली. वृद्ध पित्याने पवित्र जलाशयात देह विसर्जन करण्याचा निश्चय केला. परंतु रमाबाईंचा भाऊ श्रीनिवास याने, आपण पंडिताचा पुत्र असलो तरी मजुरी करू, असे म्हणून त्यास परतविले. तथापि तापाने पिता गेला, पाठोपाठ माता गेली, थोरली बहीणही गेली. आईचे प्रेत उचलावयास पुरेसे खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले. उरलेला भार भावाने व रमाबाईंनी उचलला. रमाबाई ठेंगण्या असल्यामुळे तिरडीचा दांडा त्यांच्या खांद्यावर येईना, म्हणून तो डोक्यावर घेऊन त्या स्मशानापर्यंत चालत गेल्या.

ज्यास पुण्याचा हिशोब म्हणतात तो त्या भावंडांच्या मनात तेथे मोडला. आपण इतके दिले, बदल्यात काही आले नाही, एवढेच त्यांस समजले. पुष्कळ जण येथे म्हणतील की पाहा, मूर्तिपूजेचा हा परिणाम. बंधूंनो, जरा थांबावे. दशमांश दिला म्हणून म्हैस व्यालीच पाहिजे, उपास केला म्हणून मुलगा परीक्षेत उतरलाच पाहिजे, असा हिशोब आपल्याही घरांत चालतो. अनंतशास्त्र्यांचा हिशोब आणि हा हिशोब यांत देवाचे नाव तेवढे निराळे आहे.

दोघे भावंडे पायी हिंडत हिंडत उत्तरेस गेली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे एका ख्रिस्ती मेळ्याचे त्यांस आमंत्रण झाले. प्रार्थनेच्या वेळी लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकताना पाहून रमाबाईंस वाटले की हे लोक खुर्च्यांची पूजा करितात! त्यांस संस्कृतातील पवित्र शास्त्र भेट मिळाले, पण त्याची भाषा विलक्षण वाटून त्यांनी ते बाजूस ठेविले. उलट कलकत्त्याच्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी वेद वाचावयास दिले. धर्मशास्त्रे वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले की ग्रंथाग्रंथांत कितीही मतभेद असले तरी स्त्री ही हीन, आणि पतीच्या सेवेखेरीज तिला मोक्षाची वाट नाही, याविषयी बहुतेकांचे एकमत आहे. जिला हजारो श्लोक पाठ होते तिला त्या श्लोकांनी दारातच उभे केले.

१८८० च्या मे महिन्यात भाऊ वारला. जूनमध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. तो ब्राह्मण नव्हता. विवाह १८७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदला गेला, आणि त्या कायद्याप्रमाणे विवाह करणाऱ्या वधूवरांस आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याच धर्माचे अनुयायी नाही असे लिहून द्यावे लागे. आजच्या तरुणास हे वाचून कौतुक वाटेल; धर्माच्या कुंपणाबाहेरचे जीवन बाईंनी एकशेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वी जगून पाहिले होते. आणि ते जीवन सुखाचे होते हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. आसामच्या सिलचर गावी पती, विद्या, पुस्तके, आणि १८८१ साली जन्मलेली कन्या मनोरमा असा तो संसार होता. याच घरातील पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली, आणि तिच्याकडे त्यांचे मन ओढले गेले. ते सुख खोटे होते असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु ते एकोणीस महिने टिकले. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेला, आणि तेविसाव्या वर्षी रमाबाई तान्ह्या मुलीसह विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या. येथे आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हा ग्रंथ लिहिला, आणि हंटर कमिशनापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षक व स्त्री-वैद्य यांची मागणी केली. वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. परंतु कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील मठवासिनी भगिनींकडे त्या राहिल्या. या भगिनींनी त्यांस लंडनच्या फुलहॅम भागातील एक आश्रम दाखविला. जगाने पतित ठरविलेल्या स्त्रियांस तेथे आश्रय देत, त्यांची शुश्रूषा करीत, आणि त्यांतील काही जणी बऱ्या होऊन इतरांची सेवा करीत. असे काम कोणत्याही धर्माच्या लोकांनी केलेले बाईंनी पूर्वी पाहिले नव्हते. हे तुम्ही का करिता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. विहिरीवर आलेल्या त्या स्त्रीस प्रभूने आधी पुण्य साठवून ये असे सांगितले नाही. पाणी आधी देऊ केले. बाईंच्या मनात हे रुतले. नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखाने बुद्धीच्या शंका फिटल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्याच सुमारास त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा अत्यंत दुःखद रीतीने अंत झाला. तेव्हा बाप्तिस्म्याचा तो काळ काही हर्षाचा नव्हता.

पुढली वर्षे मानसन्मानाची. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या विद्यालयात त्यांनी शिकविले व शिकल्या. मठातील वडीलधाऱ्यांशी वादही पुष्कळ घातला. मंडळीचे मत आहे म्हणून मी मानीन असे त्यांच्याकडून कोणी वदवू शकले नाही. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ पाहण्यास त्या अमेरिकेत गेल्या, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, गावोगाव व्याख्याने दिली, आणि बोस्टन शहरी रमाबाई असोसिएशन निघाले. विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसा देण्याचे त्या मंडळीने कबूल केले, पण अट अशी की शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ असावी. १८८९ च्या मार्च महिन्यात मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले; पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. मुलींच्या जातीचे नियम, स्वयंपाक, पूजा यांत हात घालावयाचा नाही असा नियम होता, आणि तो पाळलाही जाई. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे सज्जन सल्लागार मंडळात होते. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्यांच्याशी पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. आज ज्यास आपण ऐहिक शिक्षण म्हणतो ते विधवांस देणारी ही शाळा उत्तम चालली होती.

आणि तरीही बाई सुखी नव्हत्या. त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेविले आहे की आपणास ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, परंतु त्या धर्माचे जीवन असा जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. त्यांनी सिद्धांत मानले होते, बाप्तिस्मा घेतला होता, परोपकार चालू होता, जगभर नाव झाले होते. एवढे असून अंतःकरणावरचे ओझे उतरले नव्हते; कारण हे सर्व त्या स्वतः उचलून चालत होत्या. १८९१ च्या सुमारास त्यांनी हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त वाचले. हा गृहस्थ अनेक वर्षे पाळकपण करूनही तारणाचा अनुभव नसलेला होता, आणि मग एके दिवशी तो अनुभव त्यास आला. ते वाचून बाईंस आपले दुखणे उमगले. आपण योग्य झाल्यावर देव आपणास स्वीकारील अशी वाट पाहत बसण्याचे कारण नाही. जशा आहो तशा आपण स्वीकारल्या गेलो आहो, हे त्यांनी मान्य केले. आईबापांनी जो हिशोब दानांनी केला तोच आपण समाजसुधारणेने करीत होतो, असेही त्यातून दिसते. हे शब्द बाईंचे नव्हेत, माझे आहेत. त्या दिवसापासून आपल्या अंतरात आनंद आला असे त्या सांगत, आणि त्यांस ओळखणाऱ्यांस तो दिसेही.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. या आनंदाने शाळेवर संकट आणले. बाई आपल्या खोलीत सकाळी प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. बाईंनी बोलाविले नाही, पण येणारीस हाकलून दिलेही नाही. पुण्यात गवगवा झाला, केसरीने टीका केली, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. वीसांवर मुलींस त्यांच्या पालकांनी काढून नेले. आपल्या लोकांत या सुधारकांस शत्रू म्हणून रंगविण्याची चाल आहे. ती मला पसंत नाही. तटस्थतेच्या वचनावर विसंबून त्यांनी लोकांच्या मुली आणविल्या होत्या, आणि ते वचन उघड्या दाराने ढिले होते असे त्यांस वाटले. बाईंस वाटले की माझ्या घरातले दार मी का लावावे? दोन्ही बाजूंस धर्माहून मोठा असा शब्दाचा प्रश्न होता. बाईंनी चूक केली की नाही याचा निवाडा मी करीत नाही. एवढे मात्र खरे की मुली गेल्या तेव्हा त्यांस फार दुःख झाले, पण त्यांचा आनंद मुलींच्या संख्येवर टांगलेला नसल्यामुळे तो तुटला नाही. दोन वर्षांपूर्वी हेच घडते तर त्या कोसळल्या असत्या असे वाटते.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकताच बाईंस आपल्या कुटुंबाची उपासमार आठवली, आणि त्या तडक तिकडे निघाल्या. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतास जोडलेले नव्हते, ते १९०३ साली झाले. परंतु दुष्काळ काही सरहद्द पाहून थांबत नाही, आणि १८९९-१९०० सालचा पुढला दुष्काळ तर आपल्या वऱ्हाडावरही कठीण कोसळला. मध्यप्रांतातून बाईंनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणिल्या. पुण्यास प्लेग होता, म्हणून त्यांस सोलापूरच्या लोहमार्गावरील केडगाव येथे, फळबागेसाठी घेतलेल्या शंभर एकर माळावर, झोपड्यांत व तंबूंत ठेविले. तेच मुक्ती. गुजरातच्या दुष्काळानंतर १९०० च्या सुमारास तेथील जनसंख्या दीड हजारांच्या वर गेली.

या मुली काही आभार मानीत आल्या नाहीत. कित्येकींच्या अंगास खरूज, डोक्यात उवा, स्वभावात भूक शिरलेली. भाकरी चोरून पदरात लपवीत, एकमेकींस चावत. त्यांस शिकविणे म्हणजे काय हे ज्याने दुष्काळातील लेकरू सांभाळले असेल त्यासच कळेल. बाईंनी विहिरी खणविल्या, शेते काढिली, माग मांडिले, तेलाचा घाणा, दुग्धालय, शिवणकाम, छापखाना चालू केला. आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास मनोरमाबाईंनी शिकविले. कृपेने तारण होते म्हणून हात जोडून बसावे असे बाईंस कधी वाटले नाही. भाकरी, औषध, अक्षर आणि मजुरी यांस त्यांनी तुच्छ मानिले नाही. म्हणूनच शहरात शिकणाऱ्या त्या मुलाशी त्यांचे भांडण झाले नसते. त्यांनी त्यास आधी मागावर बसविले असते, मग बोलल्या असत्या.

१८९९ साली मुक्तीत एक निराळे घर निघाले. ज्या स्त्रिया फसविल्या गेल्या, ज्यांस सासर माहेर दोन्ही दारे बंद झाली, ज्यांस सभ्य लोक नावाने हाक मारीत नसत, त्यांच्यासाठी ते होते. सोळा वर्षांपूर्वी फुलहॅमला पाहिलेले बाई विसरल्या नव्हत्या. त्या घराचे नाव त्यांनी कृपा सदन ठेविले. आपल्या भाषेत कृपा या शब्दाचा अर्थ कोणास समजावून सांगावयाचा असेल तर मोठे व्याख्यान न देता प्रचारक बंधूंनी त्या घराचे वर्णन करावे. तेथे प्रवेशासाठी चांगल्या चालीचा दाखला लागत नसे. तो नसणे हाच दाखला होता.

१९०५ च्या जून महिन्यात मुक्तीत मोठी जागृती झाली, आणि तिची वार्ता दूरदूरच्या देशांत गेली. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. बाई स्वतः त्या काळात बहुधा मागे शांत बसून असत.

सुख म्हणजे दुःखाचा अभाव असे मानणाऱ्यास बाईंची शेवटली वर्षे समजणार नाहीत. श्रवण उत्तरोत्तर मंदावत गेले. १९२१ च्या जुलै महिन्यात मनोरमाबाई वारल्या, म्हणजे सिलचरच्या त्या लहानशा संसारातील शेवटले माणूस गेले. ज्या कन्येच्या हाती सर्व काम सोपवावयाचे होते तीच आधी गेली. बाईंनी तेव्हा देवास जाब विचारला नाही, आणि दुःख लपविलेही नाही. हातात एक काम होते, ते त्या करीत राहिल्या. ते काम असे की प्रचलित मराठी पवित्र शास्त्राची भाषा खेड्यातील अशिक्षित बाईस जड जाते, म्हणून साध्या मराठीत सर्व शास्त्र नव्याने उतरावे. त्यासाठी त्या उतारवयात इब्री व हेल्लेणी भाषा शिकल्या. जिला धर्मग्रंथांनी एकदा दारात उभे केले होते तिने दुसऱ्या स्त्रियांसाठी एक ग्रंथ दाराच्या आत आणून ठेविला, असेच मी याकडे पाहतो. नवा करार आधी छापून निघाला. जुन्या करारावरचे काम मृत्यूच्या अगदी आधीपर्यंत चालू होते. शेवटली मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य द्यावे अशी त्यांची प्रार्थना होती, असे मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचा अंत झाला. संपूर्ण शास्त्र १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यात छापून पुरे झाले. खिळे जुळविणाऱ्या, कागद उचलणाऱ्या व पाने शिवणाऱ्या त्या स्त्रियांत दुष्काळातून आलेल्या मुली होत्या.